दार अडले, तेव्हा

(शास्त्रपाठ : मार्क २:१–१२; लूक ५:१७–२६)



कफर्णहूमातील त्या पक्षाघाती मनुष्याची कथा तुम्ही संडे स्कूलच्या दिवसांपासून ऐकत आला आहात. चौघे जण त्याला बाजेवर घालून आणतात, दारात गर्दी असते, ते छपरावर चढतात, छप्पर उघडतात आणि त्याला प्रभू येशूसमोर खाली सोडतात. कथा इतकी परिचित आहे की उपदेशक सहसा छपरावर फार वेळ थांबत नाहीत. ते लगेच खाली उतरून पापक्षमेच्या वादाकडे वळतात. तो वाद ह्या उताऱ्याचे हृदय आहे, हे मला मान्य आहे. परंतु आज तुम्ही माझ्याबरोबर थोडा वेळ छपरावरच थांबावे, अशी माझी विनंती आहे. भाषांतराच्या कामानिमित्त मला तेथे पुष्कळ दिवस बसावे लागले आहे.

मार्काने ह्या ठिकाणी मूळ ग्रीक भाषेत दोन क्रियापदे एकापाठोपाठ योजिली आहेत. पहिले ‘अपेस्तेगासान’, म्हणजे छप्पर काढले. दुसरे ‘एक्सोरुक्सान्तेस’, म्हणजे उकरून, खणून. हे दुसरे क्रियापद नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी आढळते, गलतीकरांस लिहिताना पौल डोळे उपटून देण्याविषयी बोलतो तेथे (गलती. ४:१५). शब्द असा दांडगा आहे. छप्पर अलगद बाजूला सरकविले, असे मार्काला म्हणावयाचे नाही. त्यांनी ते खणले.

आणि ते खणण्यासारखेच होते. पॅलेस्टाईनमधील सामान्य माणसाच्या घराला सपाट छप्पर असे. भिंतींवर लाकडी तुळया, त्यांवर आडव्या फांद्या, त्यांवर बोरू व गवत आणि सर्वांवर मातीचा जाड थर, चोपून घट्ट केलेला. वर जाण्यास बहुधा बाहेरून पायऱ्या असत. सोलापूर किंवा मराठवाड्याकडील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे त्याला धाब्याचे घर म्हणतात, माळवद म्हणतात. पावसाळ्यापूर्वी ज्याने माळवदावर पांढरी माती टाकली आहे, त्याला ते उकरणे म्हणजे काय हे ठाऊक आहे. खाली बसलेल्यांच्या डोक्यांवर प्रथम माती पडली असेल, मग काटक्या, मग ऊन.

लूक मात्र कौलांचा उल्लेख करतो. पुष्कळ अभ्यासकांच्या मते ह्याचे कारण असे, की त्याच्या वाचकांची घरे निराळी होती. त्यांच्या नगरांत भाजलेल्या कौलांची छपरे असत, आणि घटना त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहावी म्हणून त्याने त्यांच्या परिचयाचे छप्पर घातले. म्हणजे मार्काची कथा आपल्या देशावरच्या घरात घडते आणि लूकाची कोकणातल्या, गोव्यातल्या घरात. ह्या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

आता त्या चौघांकडे पाहा. ते दाराशी पोहोचले आणि दार अडलेले होते. त्या क्षणी त्यांच्यासमोर काही अगदी सभ्य मार्ग मोकळे होते. सभा संपेपर्यंत बाहेर थांबता आले असते. दुसऱ्या दिवशी येता आले असते. “आम्ही आमच्याकडून आणले होते, पण योग नव्हता,” असे म्हणून घरी परतता आले असते, आणि शेजाऱ्यांनी त्यांना मुळीच दोष दिला नसता. त्यांना कोणी बोलाविले नव्हते. शिष्यांपैकी कोणी बाहेर येऊन “वरून या” असे सुचविले नाही. प्रभूनेही त्यांना हाक मारली नाही. छपराची कल्पना त्यांची स्वतःची होती. साधने त्यांच्या हाताशी होती तेवढीच होती, आणि निर्णय घेण्यास त्यांनी कोणाची परवानगी घेतल्याचे दिसत नाही.

आणि मग मार्क म्हणतो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. ‘विश्वास’ हे नाम मार्काच्या शुभवर्तमानात येथे प्रथमच येते. विश्वास ठेवा, अशी आज्ञा पहिल्या अध्यायात आली आहे (१:१५). परंतु ज्याकडे बोट दाखवून ‘हा विश्वास’ असे म्हणता येईल ती वस्तू वाचकाला प्रथम दिसते ती ह्या छपरातल्या भोकातून. त्या चौघांनी एक शब्दही उच्चारल्याची नोंद नाही. त्यांनी प्रार्थना केली असेल, नसेलही. प्रभूने जे पाहिले ते मातीने भरलेले हात आणि वरून डोकावणारे चार चेहरे. त्याने त्याला विश्वास म्हटले.

वाचकहो, आपल्या मंडळ्यांत एक समजूत इतकी रुजली आहे की तिला आपण धार्मिकता समजून बसलो आहोत. दार उघडले तर देवाची इच्छा आहे; दार बंद झाले तर देवाची इच्छा नाही. नोकरीचा अर्ज नाकारला गेला, मंडळीला पाळक मिळेना, मुलीचे शिक्षण फीसाठी अडले, की आपण डोके हालवून म्हणतो, “प्रभूची वेळ आलेली नाही.” कधी कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा ती केवळ गर्दी असते. गर्दी ही देवाचा नकार नव्हे. ती गर्दीच असते. कफर्णहूमाच्या दारात उभे असलेले लोक देवाने तेथे आडवे घातले होते, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही.

हे मी इतरांना उपदेश म्हणून सांगत नाही. ही चूक मी स्वतः चौदा महिने केली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही डोंगराळ भागातील एका बोलीभाषेत मार्काच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करीत होतो. सहावा अध्याय होत आला असता ज्या ठिकाणाहून खर्चाची तरतूद होत असे तेथून ती थांबली. त्याच सुमारास माझे सहकारी, ज्यांची ती मातृभाषा होती, ते आजारी पडले आणि त्यांना मुलाकडे दूरच्या शहरी जावे लागले. मी कागद एका पत्र्याच्या पेटीत भरले, वर डांबराच्या गोळ्या ठेवल्या आणि पेटी पलंगाखाली सरकविली. कोणी विचारले की मी म्हणत असे, “प्रभूच्या वेळेची वाट पाहत आहोत.” हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटले की ते मला खरे वाटू लागले. खरे तर मी थकले होते, थोडी रुसलेही होते, आणि त्या दोन्ही गोष्टींना मी धीर हे नाव दिले होते.

चौदा महिन्यांनी त्या भागात एका लग्नासाठी जाणे झाले. तेथे एक वृद्ध बाई मला भेटल्या. पूर्वी आम्ही तयार झालेला भाग गावात वाचून दाखवीत असू, तेव्हा त्या नेमाने येऊन बसत. त्यांना अक्षरओळख नाही. त्यांनी मला विचारले, “बाई, पुढलं कधी आणनार?” मी माझे नेहमीचे उत्तर दिले, आणि कागद, पैसे, माणूस ह्यांपैकी काहीच नाही, असेही सांगितले. त्या जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “कागद न्हाई म्हून गोष्ट थांबती व्हय?”

नंतर मला कळले की गोष्ट थांबलेली नव्हतीच. आम्ही वाचून दाखविलेले अध्याय त्या आणि आणखी दोन-तीन स्त्रिया संध्याकाळी ओट्यावर बसून तोंडपाठ सांगत होत्या. मी त्यांना पक्षाघाती माणसाची गोष्ट सांगावयास सांगितली. आमच्या मसुद्यात आम्ही छप्पर उकरल्याचे लिहिले होते, मार्काला प्रामाणिक राहून. त्यांनी सांगितले की चौघे वर चढले आणि त्यांनी कौले उतरविली. मी थांबविले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्यात छप्पर उकरत न्हाईत. पोरं हसत्यात. कौलं उतरिवली म्हनलं की कळतं.” जे लूकाने आपल्या वाचकांसाठी केले होते, तेच त्या निरक्षर बाईंनी त्याचे नाव ठाऊक नसताना आपल्या नातवंडांसाठी केले होते. मी धर्मशास्त्राची पदवी घेऊन पेटीवर बसून राहिले होते.

(मार्काच्या उताऱ्यात आम्ही शेवटी ‘मातीचे छप्पर उकरले’ असेच ठेवले आणि कौले लूकासाठी राखून ठेवली. बाईंना ते पसंत पडलेले नाही. अजूनही त्या मला त्याविषयी बोलतात.)

त्यानंतर काम सुरू झाले ते पैसे आले म्हणून नव्हे. मी शनिवारी एस. टी.ने जाऊ लागले. शंभर पानी शाळेच्या वह्या घेतल्या. मी मराठीतून व मुळातून अर्थ सांगावयाचा, स्त्रियांनी तो आपसात आपल्या बोलीत सांगून पाहावयाचा, चार वेळा सांगून जे वाक्य जिभेवर बसेल ते गावातल्या शाळेत जाणाऱ्या एका मुलीने वहीत उतरवावयाचे. पूर्वी आम्ही उलट करीत असू : आधी लिहावयाचे, मग वाचून दाखवून विचारावयाचे की समजले का, आणि आदरापोटी सगळे म्हणत, समजले. नव्या पद्धतीने वेळ तिप्पट लागला. पण सातव्या अध्यायापुढचा भाग पहिल्या सहांपेक्षा चांगला उतरला, आणि ते सहाही पुन्हा करावे लागले. हे यशाचे आख्यान म्हणून मी सांगत नाही. मार्क पूर्ण झाला, लूक अर्धा झाला, आणि वह्या लिहिणारी मुलगी लग्न होऊन गेल्यावर काम पुन्हा रेंगाळले आहे. पण आता मी त्याला प्रभूची वेळ म्हणत नाही. दुसरी मुलगी शोधावी लागेल, असे म्हणते.

भाषांतराविषयी लिहीत असताना पंडिता रमाबाईंचे नाव घेतल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. त्यांचे चरित्र तुम्हांला ठाऊक आहे; त्यातील अडलेली दारे फक्त मोजून पाहा. आईवडील व बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली. भाऊ गेला. १८८० मध्ये विवाह झाला आणि १८८२ मध्ये वैधव्य आले, पदरी लहान मनोरमा. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे म्हणून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, आणि तेथे त्यांच्या कमी ऐकू येण्यामुळे ते दार बंद झाले. एक परदेशी तरुण विधवा, कडेवर मूल, आणि ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच अशक्य. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकी गेली, तेव्हा त्या शिक्षणाकडे वळल्या. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकल्या आणि संस्कृत शिकविले. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले ते ह्या वळणावरूनच. सदन पुण्यास गेल्यावर १८९३ मध्ये वाद पेटला, पाठीराखे दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवा आणल्या, तो पुण्यात प्लेगचा बंदोबस्त. इतक्या जणींना शहरात ठेवणे अशक्य. मग दौंडच्या वाटेवरची केडगावची शेतजमीन, जी आधी फळबागेसाठी घेतली होती, तीच आश्रयस्थान झाली. त्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले.

मला स्वतःला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत विलक्षण भाग ह्याच्याही पुढचा वाटतो. उपलब्ध मराठी बायबल आपल्या सदनातील साध्यासुध्या स्त्रियांना कळत नाही, असे त्यांना आढळले. तक्रार करता आली असती. त्यांनी वयाच्या उत्तरार्धात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. ज्या विदुषीला संस्कृताच्या अधिकाराने कलकत्त्यात ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या मिळाल्या होत्या, तिने जड संस्कृत शब्द निग्रहाने बाजूस ठेविले. छपाई बाहेर दिली नाही. सदनातच छापखाना घातला आणि खिळे जुळविण्यास, छापण्यास त्याच स्त्रियांना शिकविले, ज्यांना दुष्काळाने रस्त्यावर टाकले होते. १९२१ मध्ये मनोरमा गेली. १९२२ च्या ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. भाषांतर म्हणून त्यात दोष आहेत. काही ठिकाणी मुळाला इतके चिकटून राहिले आहे की मराठी वाक्य अडखळते. हे मी माझ्या व्यवसायाच्या अधिकाराने म्हणते आणि म्हणताना मला थोडी लाजही वाटते, कारण माझे दोष काढण्याइतके संपूर्ण असे माझ्याजवळ काहीच नाही.

येथे एक शंका तुमच्या मनात आली असेल, आणि ती यावयास हवी. स्वतःच मार्ग काढणे आणि देवापुढे धावणे ह्यांत भेद कसा ओळखावा? सारायनेही मार्गच काढला होता. मूल होईना, तेव्हा तिने हागारेला अब्रामाच्या स्वाधीन केले (उत्पत्ती १६). युक्ती व्यवहाराला धरून होती आणि तिची किंमत एका दासीने अरण्यात मोजली. मला वाटते, भेद तेथेच आहे. त्या चौघांनी ओझे स्वतः वाहिले, आणि ज्याच्यासाठी वाहिले तो त्यांच्यापैकी कोणी नव्हता, बाजेवरचा होता. सारायच्या युक्तीत ओझे हागारेच्या खांद्यावर गेले. आपला मार्ग दुसऱ्या कोणाच्या पाठीवरून जात असेल, तर त्याला विश्वासाची वाट म्हणण्यापूर्वी थांबावे.

आणि दार खरोखर देवानेच लावले असेल तर? प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये तसे घडते. पौल व त्याचे सोबती आशियात वचन सांगू पाहतात, पवित्र आत्मा मना करतो. बिथुनियाकडे वळतात, तेथेही नाही. देवाचा नकार येथे स्पष्ट आहे. पण ते काय करतात ते पाहा. ते फ्रुगियात मुक्काम ठोकून बसत नाहीत. ते चालत राहतात, मुसियाच्या कडेने, त्रोवसाच्या बंदरापर्यंत. आणि मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त त्यांना तेथे, समुद्राच्या काठी होतो. नकारांनीच त्यांना त्या काठापर्यंत आणून सोडले होते. गर्दीने अडविले असो वा आत्म्याने, पाय थांबविण्याचा आदेश दोहोंपैकी कशातच नव्हता.

आपल्यापैकी पुष्कळ जण मराठी मुलखाबाहेर राहतात. एखाद्या दूरच्या शहरात दहा-पंधरा मराठी कुटुंबे, स्वतःचे मंदिर नाही, मराठी पाळक वर्षातून एकदा येणार, मुलांना देवनागरी वाचता येते पण मराठी गीत गाताना ती अडखळतात. अशा मंडळ्यांकडून मला कधी कधी पत्रे येतात. बहुतेक पत्रांत मागणी असते : पाळक पाठवा, पुस्तके पाठवा. मागणी रास्त आहे. पण एका पत्राने मला आनंद झाला. लिहिणाऱ्या भगिनीने काहीच मागितले नव्हते; आजीने पाठ केलेली स्तोत्रे नातवंडांना शिकविण्याचा वर्ग त्यांनी रविवारी दुपारी स्वयंपाकघरात सुरू केला होता, कारण बाहेरच्या खोलीत क्रिकेट चालू असते. तिने फक्त एका शब्दाचा अर्थ विचारला होता.

‘त्यांचा’ विश्वास, असे मार्क म्हणतो, अनेकवचनी. पक्षाघाती मनुष्य स्वतः एक पाऊलही टाकू शकत नव्हता. म्हणून जो वाचक आज स्वतःच बाजेवर आहे, ज्याला छपरावर चढण्याविषयीचे हे सारे बोलणे कदाचित क्रूर वाटले असेल, त्याला मी असे म्हणत नाही की उठ आणि युक्ती शोध. तुझ्यासाठी प्रभूने चौघांचा विश्वास पुरेसा मानला. हाक मारता आली तर चौघांना हाक मार. आणि जे धडधाकट आहेत त्यांनी बाजेचा चौथा कोपरा रिकामा आहे का, ते पाहावे. तिघांनी बाज उचलली तर ती कलते.

कथेच्या शेवटी तो मनुष्य आपली बाज उचलून सर्वांच्या देखत बाहेर जातो. ज्या दारातून त्याला आत येता आले नव्हते, त्याच दारातून तो जातो आणि तीच गर्दी आता त्याला वाट देते. चौघांचे पुढे काय झाले, हे शुभवर्तमान सांगत नाही. ते अजून छपरावरच आहेत. घर बहुधा शिमोनाचे असावे (१:२९), आणि शिमोनाचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. वर आकाश दिसत असताना तो काय म्हणाला असेल, ह्याची कल्पना करवते. त्याच्या सासूबाईंची अधिकच. मला मात्र असे मानणे आवडते की दुसऱ्या दिवशी सकाळी पाच जण घमेली घेऊन आले, आणि माती कोठली आणावी, असे त्यांनी दारातूनच विचारले.